विटकरी स्वेटरचा वास

शिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते, असं म्हणतात. नाशिकची थंडी एवढी गुणी नाही. ती जाते, चार दिवसांनी काहीतरी विसरल्यासारखी परत येते, पहाटे आपल्याला पुन्हा कपाट उघडायला लावते, आणि होळीपर्यंत हा खेळ चालतो. त्यामुळे या दिवसांत आमच्याकडच्या बायकांपुढे एकच मोठा प्रश्न असतो. लोकरीचे कपडे धुऊन ठेवायचे की अजून थांबायचं? माझी आई थांबायची नाही. शिवरात्रीचा उपास सोडला की त्याच दिवशी तिचे रिठे भिजत पडलेच म्हणून समजा. मग थंडी परत आली तर आम्ही कुडकुडायचं. “दोन फ्रॉक घाल एकावर एक,” हे तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

यंदाही शिवरात्र झाली. रस्त्याकडेला द्राक्षांच्या हातगाड्या लागल्यात. घडांपासून सुटलेल्या मण्यांचे वेगळे ढीग, त्यांवर मधमाश्या. सकाळी दहाच्या सुमाराला रिक्षांमधून दहावीची मुलं मांडीवर पॅड घेऊन, ओठ हलवत चाललेली दिसतात. मी सातपूरला बाबांकडे आले आहे. माझी सहा वर्षांची लेक मनू बरोबर आहे. आणि टीव्हीवर भर दुपारी तो पिक्चर लागला आहे.

पिक्चरचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. गोष्ट ऐकलीत तरी पुरे. एक भित्रा कारकून असतो. सर्दी झाली म्हणून इंजेक्शन घ्यायला निघतो. लाइट गेलेली, दोन दवाखाने शेजारीशेजारी, आणि हा बरोबर गुरांच्या दवाखान्यात शिरतो. तिथला कंपाउंडर चष्म्याशिवाय चारपाच बाटल्यांतलं औषध एकत्र करून टोचतो. झालं! दुसऱ्या दिवसापासून हा माणूस शेवग्याच्या झाडावर सरसर चढतो, साहेबांशी बोलता बोलता पायाने कान खाजवतो, स्वतःच्याच साखरपुड्यात लांबून फेकलेला लाडू तोंडात झेलतो, दूधवाल्याच्या सायकलमागे भुंकत सुटतो. आणि नाक तर कुत्र्याचं. कचेरीत कोणाच्या बंद डब्यात कोणती भाजी आहे ते हा दारातूनच सांगतो.

मनू फरशीवर लोळून हसते आहे. बाबा खुर्चीत बसून तिच्याकडे बघत हसताहेत. मी दोघांच्या मध्ये बसून द्राक्षं खाते आहे. हा पिक्चर मी याआधी एकदाच पाहिला होता. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी. आई जाऊन तेव्हा दीडेक महिना झाला होता.

बाबांना वास येत नाही. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग मारायचे. तोंडाला फडकं बांधून, हातात स्प्रेची गन घेऊन, दिवसच्या दिवस. मी सातआठ वर्षांची असताना त्यांना एक लांबलेली सर्दी झाली, आणि ती गेली तेव्हा वासही घेऊन गेली. थिनरमुळे म्हणा, सर्दीमुळे म्हणा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. आई म्हणायची, “यांचं नाक आता नुसतं चष्मा ठेवायला.”

पण आईने त्यावर एक इलाज काढला होता. बाबा जेवायला बसले की ती वासांचं वर्णन करायची. म्हणजे अगदी क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं. “मेथी आहे आज. लसूण जरा जास्त जळालाय, पण छान खमंग सुटलाय वास. भाकरीला चुलीचा येत नाही हो, गॅसचीच आहे. वरणावर तूप सोडलं, आता बघा.” बाबा डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे, आणि मगच पहिला घास घ्यायचे. पाहुणे आले की त्यांना हे विचित्र वाटायचं. आम्हाला काही वाटायचं नाही. आमच्या घरात बाबांना वास कानाने यायचा, इतकंच.

दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, बाबांच्या शर्टाला थिनरचा किती भपकारा आहे, हे सगळं आईच्या नाकावर चालायचं. ती गेली, आणि तिच्याबरोबर बाबांचं नाक दुसऱ्यांदा गेलं.

ती गेली माघात, चार दिवसांच्या तापाने. पहिल्या दिवशी “कणकण आहे” म्हणाली, चौथ्या दिवशी नव्हती. एवढंच. मला त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही, कारण त्या चार दिवसांतलं मला फार आठवतच नाही. आठवतं ते नंतरचं. आणि नंतरचं म्हणजे, मला काहीच होत नव्हतं.

खरंच काही होत नव्हतं. मी दोन वेळा नीट जेवत होते. भूमितीची प्रमेयं पाठ होत होती. लोक येत होते, रडत होते, माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि मी त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवत होते. पायावर पाय ठेवून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याच कोणाचा तरी पाय वाटतो, तशी मी सबंध झाले होते.

येवल्याहून बाबांची मोठी बहीण आली होती, आमची आत्या. तेरा दिवस राहिली. तिला माझी फार काळजी. रोज दुपारी मला समोर बसवायची आणि म्हणायची, “रड की गं पोरी. अशी कोरडी नको ऱ्हाऊ. आतल्या आत लय जड जातं बघ.” मग रडवण्यासाठी ती आईच्या गोष्टी काढायची. लग्नात आई कशी दिसत होती, माझ्या वेळी किती त्रास झाला. गोष्ट सांगता सांगता आत्याच हुंदके द्यायची, आणि मी तिला पाणी आणून द्यायची. शेवटी तिने हात टेकले. “दगड हाय का काय पोटात?” असं मला म्हणाली, आणि मग जवळ घेऊन स्वतःच रडली.

जाण्याआधी आत्याने आईच्या साड्या वाटून टाकल्या. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून. ट्रंक रिकामी झाली. राहिला तो फक्त एक विटकरी स्वेटर, स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला. दार कायम उघडं असायचं, त्यामुळे तो कोणाला दिसलाच नाही. आईने स्वतः विणलेला. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. थंडीभर ती तो घालायची, सकाळचं पाणी भरण्यापासून रात्रीची भांडी होईपर्यंत, आणि लोकरीचे कपडे थंडीत कोणी धूत नाही. नोव्हेंबरपासूनची सगळी आई त्या स्वेटरमध्ये होती.

निघताना आत्या एसटीच्या पायरीवरून मला म्हणाली, “आता घर तुझ्यावर हाय बाई. तुझी आई जे जे करायची ते ते करत जा, म्हंजे काय चुकायचं नाय.”

मी तसंच केलं. आई जे जे करायची ते ते.

शिवरात्र झाली. मला अभ्यासाची सुट्टी होती, बाबा पहिल्या पाळीला गेलेले. मी इतिहासाचं पुस्तक बाजूला ठेवलं, माळ्यावरची रिठ्यांची पिशवी काढली, बिया फोडून टरफलं भिजत घातली. दुसऱ्या दिवशी ती कुस्करली, बादलीत फेस आला. बाबांचा स्वेटर, माझा स्वेटर, दोन मफलर, कानटोपी. आणि दारामागचा विटकरी स्वेटर. एकेक बुडवला, हलक्या हाताने दाबला, पिळला नाही. आईने शिकवलं होतं, लोकर पिळायची नाही, ती रुसते. मग गच्चीवर जुन्या चादरीवर सगळे आडवे पसरून ठेवले, सावलीला. बाह्या नीट सरळ केल्या. लांब बाही कोणती तेही बघितलं. संध्याकाळी घड्या घातल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, डांबरगोळ्या टाकल्या, ट्रंक बंद केली. आणि पुढचा धडा वाचायला बसले.

मी काय केलं हे मला त्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे मी आज लिहिते तेव्हा कोणाला खोटं वाटेल, पण बधिर माणसाचे हात अगदी व्यवस्थित चालतात. उलट जास्तच नीट चालतात. तेवढी स्वच्छ लोकर आईनेही कधी धुतली नसेल.

पिक्चरचं आईनेच ठरवलं होतं. संक्रांतीच्या आसपास भिंतींवर त्याची पोस्टरं लागली होती. सुटाबुटातला नट, त्याला मागून शेपूट, आणि तोंडात पोळी. आई भाजी घेऊन येताना पोस्टरपुढे थांबून एकटीच हसली होती. तिला असलेच पिक्चर आवडायचे. रडारडीचा पिक्चर लागला की म्हणायची, “रडायला पैसे कशाला द्यायचे, घरी कांदे आहेत की.” तेव्हाच तिने सांगून टाकलं, “पोरीचा शेवटचा पेपर झाला की तिघं जाऊ. तोवर उतरायला नको म्हणजे झालं.”

उतरला नाही. भूगोलाचा पेपर देऊन मी केंद्राबाहेर आले तर फाटकाशी बाबा सायकल घेऊन उभे. सुट्टी टाकून आलेले. म्हणाले, “चल, तीनचा शो आहे.” पेपर कसा गेला हेसुद्धा विचारलं नाही. मी कॅरियरवर बसले. उन्हं चढली होती, रस्त्यावर द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो, आणि मी मांडीवर पॅड धरून विचार करत होते की लोक काय म्हणतील. वर्षाच्या आत आम्ही सण करणार नव्हतो, गोडधोड करणार नव्हतो. पिक्चरचं तर कोणी सांगितलंही नव्हतं, कारण असलं कोणी करेल असं कोणाच्या मनातच आलं नसेल.

टॉकीज दहावीच्या मुलांनी भरलेलं होतं. शाई लागलेली बोटं, शिट्ट्या, कागदाची विमानं. पिक्चर सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत सगळं थिएटर खुर्च्या बडवायला लागलं. मी बघत होते. नट झाडावर चढला, पडला, शेणात बसला. मला दिसत होतं की हे हसण्यासारखं आहे. म्हणजे गणित कळावं तसं कळत होतं. शेजारी बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि ते रुमालाने डोळे पुसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. राग आला. दीड महिन्यात मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तर ते हे.

मध्यंतरात नको तेच झालं. आमच्याच चाळीतल्या शिंदेकाकू आपल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. दिवे लागले आणि त्यांना आम्ही दिसलो.

“अगं बाई! तुम्ही?” काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “भाऊ, अजून वर्षही...”

“पोरीचा शेवटचा पेपर होता,” बाबा म्हणाले.

“हो, पण तरी...”

“हिच्या आईनेच सांगून ठेवलं होतं. पेपर संपला की जायचं म्हणून.”

 काकू हातातला वेफर्सचा पुडा माझ्या मांडीवर ठेवून जागेवर गेल्या. चाळीत त्यांनी ही गोष्ट कधीही कोणाला सांगितली नाही. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे हे मला आजही नवल वाटतं.

मध्यंतरानंतर नायिकेला पळवून नेतात. असल्या पिक्चरमध्ये नेतातच. मागे राहतो तो तिचा रुमाल. नट तो नाकाला लावतो. सगळं थिएटर हसायला तयार होऊन बसलेलं, कारण आता हा भुंकणार. पण तो भुंकत नाही. डोळे मिटून उभा राहतो आणि एकेक सांगायला लागतो. इथे ती बसली होती, इथे घाबरली, इथून पुढे नेली. तेवढ्या दोन मिनिटांत बाबा हसायचे थांबले. खुर्चीच्या कडेला पुढे सरकून, तोंड किंचित उघडं ठेवून ते पडद्याकडे बघत राहिले. नंतर नट मांजरीसारखा भिंतीवरून चालला, गुंडांना शिंगं मारली, लोक हसून हसून मेले. बाबा परत हसले नाहीत.

घरी आलो. बाबांनी हातपाय धुतले, टॉवेलला हात पुसले आणि सरळ जाऊन ट्रंक उघडली. मी चहा टाकत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्राचा पुडा होता. उलगडून त्यांनी विटकरी स्वेटर काढला आणि माझ्यासमोर धरला.

“साड्या ताईने देऊन टाकल्या,” ते म्हणाले. “हा राहिला बघ. मला तर काही कळत नाही. तू सांग. अजून येतो का तिचा वास?”

मी नाक लावलं. रिठ्याचा उग्र, आंबूस वास. त्यावर डांबरगोळ्या. बाकी काही नाही. आणि तेव्हा, गॅसवर चहा उतू जात असताना, मला कळलं मी काय केलं आहे.

“येतो,” मी म्हणाले.

बाबांनी खाली पाटावर बसकण मारली. डोळे मिटले. “सांग,” म्हणाले. जेवायला बसल्यावर आईला म्हणायचे तसं.

मी सांगायला लागले. “मोगऱ्याच्या तेलाचा येतो. कॉलरला. मग हिंगाचा. बाहीला पीठ आहे थोडं, त्याचा येतो.”

“आणि?”

“आणि... आईचा.”

 मग उठून त्यांनी घडी घातली, पुडा बांधला आणि मला म्हणाले, “नीट ठेव. धुऊ नकोस हं.”

“नाही,” मी म्हणाले.

त्यानंतर दरवर्षी. शिवरात्र झाली, बाकीचे कपडे धुऊन झाले, की बाबा म्हणायचे, “काढ बरं तो.” मी काढायची, नाकाला लावायची आणि सांगायची. कॉलेजच्या वर्षांत सांगितलं. नोकरी लागली तेव्हा सांगितलं. लग्न होऊन नाशिकरोडला गेले, तरी या दिवसांत एक शनिवार सातपूरला यायचंच, कारण बाबांच्या कारखान्याला शनिवारी सुट्टी असायची. पुढे कारखानाच बंद पडला, बाबा घरी बसले, मग कोणताही वार चालायला लागला. एकदा मला इतकी सर्दी होती की समोर कापूर जाळला असता तरी कळलं नसतं. त्या वर्षीही मी मोगरा, हिंग आणि पीठ सांगितलं.

खोटं बोलायची सवय झाली की माणूस त्यात कारागिरी करायला लागतो. दरवर्षी तेच तेच काय सांगायचं, म्हणून एकदा मी लवंग घातली. बाबांनी चटकन डोळे उघडले. “लवंग? हो, हो. दाढ दुखायची तिची. खिशात ठेवायची.” मला हे माहीत नव्हतं. तेव्हा मी घाबरले, आणि थोडं बरंही वाटलं. मग कधी आलं, कधी धूर, कधी काजळ. काही लागू पडायचं, काही वाया जायचं. सांगून टाकावं असं दरवर्षी वाटायचं. पण वर्षातून तेवढाच एक दिवस बाबांचा चेहरा जेवायला बसल्यासारखा व्हायचा. तो मी कोणत्या तोंडाने मोडायचा?

यात माझं काय झालं, तेही सांगते. आईचा खरा वास मी विसरले. ती गेली तेव्हा पंधरा वर्षांची होते मी, रोज तिच्या कुशीत झोपायची वेळ गेली होती, पण वास माहीत होता की! आता आठवायला गेलं की मोगरा येतो. त्याच्यामागे काय होतं ते हाताला लागत नाही. बाबांसाठी केलेली आई माझ्याही घरात राहायला आली आणि खरी होती ती उठून गेली. दुःख वाटायला हवं याचं. बहुतेक वेळा तेही वाटत नाही. नुसतं आठवतं की काहीतरी वाटायला हवं.

तर आज टीव्हीवर तो पिक्चर. मनू मध्येच उठून घरभर रांगत, नाक फेंदारून वास घेत फिरायला लागली. चपला झाल्या, उशी झाली, बाबांचे गुडघे झाले. “आजोबा, तुम्ही शेंगदाणे खाल्ले!” बाबांनी हात वर केले, “पकडलं बुवा.” तेवढ्यात पडद्यावर रुमाल आला. नटाने तो नाकाला लावला, डोळे मिटले आणि हिंदीत एकेक शब्द सावकाश म्हणाला. मोगरा. हिंग. आणि शाई, कारण नायिका मास्तरीण असते.

माझ्या हातातला द्राक्षाचा मणी हातातच राहिला.

मोगरा, हिंग. मी आईचा वास एका विदूषकाच्या तोंडून उचलला होता. पिक्चरमधून घरी येऊन तासही झाला नव्हता, बाबांनी विचारलं, आणि माझ्या रिकाम्या डोक्यात जे पडलेलं होतं ते मी दिलं. तिला शाई शोभली नसती, म्हणून तेवढं पीठ केलं. आणि ते इतकी वर्षं आम्ही दोघांनी देवासारखं जपलं.

“आता काढ बरं तो,” बाबा म्हणाले. त्यांचं टीव्हीकडे लक्ष नव्हतं.

मी ट्रंक उघडली. पुडा उलगडला. मी नाक लावायच्या आधीच मनू मध्ये घुसली आणि तिने सबंध तोंड स्वेटरमध्ये खुपसलं.

“शी! डांबरगोळ्या!”

“आणि?” बाबांनी विचारलं. डोळे मिटलेले.

“आणि काही नाही. नुसत्या डांबरगोळ्या.”

बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुन्हा मोगरा सांगितला असता, अशी माझी खात्री आहे.

“बाबा, मी तो धुतला होता.”

“कधी?”

“तेव्हाच. आई गेली त्या वर्षी. शिवरात्रीला सगळ्यांबरोबर रिठ्यात घातला. तुम्ही मला पहिल्यांदा विचारलंत, त्याच्या आधीच.”

बाबांनी रिमोट शोधून आवाज बारीक केला. मनूला वाटलं कोणी तरी रागावलं आहे, ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

“तरीच,” बाबा म्हणाले.

“तरीच काय?”

“मोगरा गं. मोगऱ्याने डोकं उठायचं तिचं. जन्मात कधी लावला नाही. साधं खोबरेल लावायची.”

“मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?”

“मला काय कळतंय वासातलं? म्हटलं, नाक तुझं चालतंय. तुला येत असेल, तर असेल कुठूनतरी लागलेला.” त्यांनी स्वेटर आपल्याकडे ओढला. “रिठ्यात म्हणालीस?”

“हो.”

“मग त्या दिवशी मी समोर धरला तेव्हा कसला येत होता? खरं सांग हं आता.”

“रिठ्याचा.”

“नुसता?”

“नुसता.”

“अगं वेडे,” बाबा म्हणाले, “मग तेच नाही का सांगायचं? या दिवसांत तिच्या हाताला आठवडाभर तोच तर वास असायचा. भाकरीला लागायचा. मी ताट सरकवायचो, भांडणं व्हायची आमची. तू लहान होतीस. तेव्हा मला नाक होतं.”

 मी उठले. पायांत चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या दुकानातून रिठे आणले. बिया फोडल्या, टरफलं गरम पाण्यात टाकली. तासाभराने ती मऊ झाली तशी कुस्करली, थंड पाणी ओतलं, आणि मोरीत बसून विटकरी स्वेटर बादलीत बुडवला. फेस आला. तोच उग्र, आंबूस वास. मी वाट बघत राहिले, आता काहीतरी आठवेल म्हणून. काही आठवलं नाही. मी स्वेटर हलक्या हाताने दाबत राहिले, पिळला नाही.

बाबा मोरीच्या दाराशी आले. भिंतीला धरून हळूहळू उंबऱ्यावर बसले. मग त्यांनी माझा फेसाने भरलेला हात ओढून घेतला आणि आपल्या नाकाला लावला. डोळे मिटून त्यांनी मोठा श्वास घेतला. मग आणखी एक.

“येतो?” मी विचारलं.

“छे. काही नाही.” त्यांनी माझा हात सोडला नाही. दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. “पण हात असाच गार असायचा तिचा.”

आणि मग, आत्या पंधरा वर्षांपूर्वी रोज दुपारी समोर बसवून जे सांगत होती, ते मी केलं.